शनिवारी पँट्रीत कुणीच आलं नाही

होमकमिंगच्या शनिवारी सकाळी नऊ वीसला फोन वाजला तेव्हा मी गाडी काढत होते. होमकमिंग म्हणजे माजी विद्यार्थ्यांनी परत यायचा दिवस. दुपारी फुटबॉलचा सामना, सकाळी जागोजागी नाश्ते. आमच्या जुन्या चॅप्टरने, म्हणजे सेवेची कामं करणाऱ्या विद्यार्थी-संस्थेच्या आमच्या कॉलेजातल्या शाखेने, आम्हा माजी सदस्यांसाठी विद्यापीठाच्या हिरवळीवर पॅनकेक ठेवले होते. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि माझं ओहायोतलं कॉलेज पहिल्यांदाच बघणार होती. तिच्या मांडीवर चकल्यांचा डबा होता, चॅप्टरमधल्या मुलांसाठी.

नंबर ओळखीचा नव्हता, आवाज ओळखीचा होता. गावातल्या चर्चच्या तळघरात फूड पँट्री चालते, गरजू कुटुंबांना फुकट शिधा वाटणारी. तिथल्या समन्वयक बाई. "आज तुमची मुलं येणार होती ना?"

अकराला वाटप. सत्तरएक कुटुंबं येतात. आदल्या दिवशी फूड बँकेची गाडी माल टाकून गेली होती आणि खोकी अजून भिंतीला तशीच लावलेली. हाताशी दोनच माणसं, दोघंही सत्तरी ओलांडलेली. चॅप्टरची सेवेची कामं बघणाऱ्या आमच्या सेवा-उपाध्यक्ष मुलाला बाईंनी चार वेळा फोन केला होता, त्याने उचलला नव्हता. शेवटी त्यांनी कॉर्कबोर्डवरच्या पिवळ्या पडलेल्या कागदावरचा नंबर लावला. तो माझा होता. नऊ वर्षांपूर्वी विद्यार्थिनी असताना मीच लिहून तिथे टोचला होता.

त्या सकाळी आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे झालं ते सविस्तर लिहितेय. शिक्षण संपल्यावरही कॉलेजातल्या सेवेच्या कामाशी जोडून राहणाऱ्या कुणावरही अशी वेळ येऊ शकते. मुलांकडून चूक झाली. मग ती निस्तरताना माझ्याकडून झाली, आणि मला बोलायचंय ते जास्त करून त्या दुसरीबद्दल.

आधी संस्थेची ओळख. आमचा चॅप्टर अल्फा फाय ओमेगाचा. ग्रीक अक्षरांची फ्रॅटर्निटी, म्हणजे अमेरिकन कॉलेजांतली विद्यार्थ्यांची संघटना, म्हटलं की आपल्याला सिनेमातली घरं, पार्ट्या आणि नव्या मुलांचा छळ आठवतो. अल्फा फाय ओमेगा त्यातली नाही. तिच्यात मुलगे-मुली दोन्ही असतात, नव्यांना त्रास द्यायला सक्त मनाई आहे, आणि सदस्यत्व टिकवायचं तर सेवेचे तास भरावे लागतात. १६ डिसेंबर १९२५ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन इथे, लाफायेट कॉलेजात फ्रँक रीड हॉर्टन या विद्यार्थ्याने ती सुरू केली. पहिल्या महायुद्धात तो नौदलात होता आणि पुढे स्काउटच्या कामात पडला. स्काउट जे बारा-चौदाव्या वर्षी शिकतो ते कॉलेजच्या वयातही जगता यावं, ही त्याची तळमळ. नेतृत्व, मैत्री आणि सेवा ही संस्थेची तीन तत्त्वं. मुलींना १९७६च्या राष्ट्रीय अधिवेशनाने दार उघडलं, पण शब्द बदलला नाही. मुलगी असली तरी सदस्य 'ब्रदर'च. मला ते आधी खटकलं होतं. पुढे आवडायला लागलं, कारण मुलींसाठी वेगळ्या नावाची वेगळी खोली बांधण्यापेक्षा आहे त्याच पंगतीत त्यांना पाट मांडला गेला.

एम.एस.ला आले त्या वर्षी मी या चॅप्टरमध्ये गेले, कारण ते बघून मला एनएसएस आठवलं. साताऱ्यात बी.एस्सी. करताना मी दोन वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेत होते. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, ३७ विद्यापीठांतून ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास काम, आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री देवळासमोर पथनाट्य. कुणी ब्लँकेट विसरलं, कुणाला ताप आला, भाताचं पातेलं लागलं, सगळं आमच्या कार्यक्रम अधिकारी सरांच्या डोक्यात असायचं. सरपंच सरांना ओळखायचे. बंधाऱ्याला दगड कुठून आणायचा ते सरांना ठाऊक. मुलं दोन वर्षांनी बदलायची, सर तिथेच असायचे.

इथे सर नाहीत. प्राध्यापक आणि बाहेरचे अनुभवी लोक सल्लागार असतात, ही पद्धत पहिल्या दिवसापासूनची आहे, पण चॅप्टर चालवतात विद्यार्थीच. बैठक त्यांची, पैसे त्यांचे, ठराव त्यांचे. आमच्या चॅप्टरच्या नियमांत सल्लागाराला मत नाही. मी नोकरीला लागून याच भागात राहिले आणि माजी सदस्य म्हणून सल्लागार समितीत गेले, तेव्हा हा नियम वाचला होता. वाचला होता, एवढंच.

त्या शनिवारी मी गाडी चर्चकडे वळवली. आईला वाटेत सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "निवडायचंय का काही?"

निवडायचंच होतं. पँट्रीतलं मोठं काम तेच. लोक कपाटं रिकामी करून जे देतात त्यात चांगलं, जुनं, फुटकं सगळं एकत्र येतं. डबाबंद राजमा, टोमॅटो, ट्यूना, पीनट बटर, मॅकरोनीची खोकी. डब्याला पोचा असला तर तो कुठे आहे ते बघायचं. मध्यावर उथळ पोचा चालतो. काठावर किंवा उभ्या शिवणीवर असेल, किंवा बोट बसेल इतका खोल असेल, तर डबा बाद. फुगलेला डबा तर हातात ठेवायचाच नाही, कारण आत बोट्युलिझमचं विष तयार झालेलं असू शकतं. तारखांचंही असंच. 'बेस्ट बाय' उलटून गेलेला राजमा बहुतेक वेळा खाण्याजोगा असतो, ती तारीख चवीची. बाळाच्या दुधाच्या पावडरीचं तसं नाही. तिच्यावरची तारीख गेली की ती कुणालाही द्यायची नाही.

बाईंनी आईला हे हातवारे करून दाखवलं. आई लोखंडी टेबलापाशी खुर्ची ओढून बसली आणि तांदूळ निवडावेत तशी डबे निवडायला लागली. अंगठा काठावरून एकदा पूर्ण फिरवायचा, मग शिवणीवरून खाली. बघायची गरज नाही, अंगठ्याला कळतं. पाऊण तासात तिचे पाच क्रेट झाले. मी खोकी फोडत होते, बाई मांडणी करत होत्या. पाच-सात डब्यांमागे एक आई न बोलता बाजूला सारायची. अकराला दार उघडलं तेव्हा अर्धा माल मांडायचा राहिला होता. रांग जिन्यावरून वर रस्त्यापर्यंत गेली होती, आणि सहा अंश तापमानात लोक पाऊण तास जास्त उभे राहिले. एका आजोबांनी ऑक्सिजनची नळी लावलेली होती. त्यांना खुर्ची द्यायला वरच्या मजल्यावरून खुर्ची आणावी लागली.

असं का झालं हे मी पुढच्या आठवड्यात शोधलं, आणि त्यात कुणाचाही आळस सापडला नाही. आधीची सेवा-उपाध्यक्ष मे महिन्यात पदवी घेऊन गेली. नव्याला तिने काम समजावलं ते परीक्षेच्या आठवड्यात, वाचनालयाच्या पायऱ्यांवर, वीस मिनिटांत. उन्हाळ्यात पँट्रीने आपले शनिवार पहिला-तिसऱ्यावरून दुसरा-चौथा केले. तसं पत्रही पाठवलं, पण ते गेलेल्या मुलीच्या विद्यापीठाच्या मेलवर, जो ती आता उघडत नव्हती. सप्टेंबरातले दोन शनिवार निभावले, कारण बाईंनी नेमका फोन केला होता. ऑक्टोबरातला दुसरा शनिवार होमकमिंगचा निघाला. नव्या मुलाच्या तक्त्यात त्या दिवशी पँट्री नव्हतीच. बाई फोन करत होत्या तेव्हा तो हिरवळीवर तव्यासमोर उभा होता, फोन पिशवीत. पॅनकेक आमच्यासाठी चालले होते, माजी सदस्यांसाठी. ही गोष्ट मला अजून टोचते.

इथपर्यंत माझ्या हातून जे झालं ते ठीकच होतं, असं आजही वाटतं. लोक रांगेत उभे असताना अधिकार कुणाचा, मत कुणाचं, हे बघत बसायचं नसतं. खोकी फोडायची असतात.

चुकले ते सोमवारी. मी बाईंना मेल लिहिला. चॅप्टरच्या वतीने माफी मागितली आणि पुढच्या वेळी आठ जण नऊ वाजता हजर असतील असा शब्द दिला. मेलची प्रत अध्यक्षांना पाठवली, तीही "तुमच्या माहितीसाठी" म्हणून. मला वाटत होतं, मी मुलांवरचं ओझं उतरवतेय.

बुधवारी अध्यक्ष मुलीने मला भेटायला बोलावलं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, क्लिनिकलची ड्यूटी संपवून गणवेशातच आली. कॉफी घेतली नाही. शांतपणे म्हणाली, "तू शनिवारी गेलीस त्याबद्दल आभार. पण माफी आम्हाला मागायची होती. आणि आठ माणसं तू कबूल केलीस, ती माझी आहेत."

मी म्हणाले, की घाई होती, त्यांना काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

"उत्तर आम्ही दिलं असतं. कदाचित वाईट दिलं असतं. पण आमचं असतं."

घरी आल्यावर मी आईला हे सांगितलं. आई तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ती म्हणाली, "बरोबर बोलली की पोरगी. पाटीवर गिरवून आपणच दिलं तर पोराच्या हाताला वळण कसं लागायचं?"

मी सर व्हायला गेले होते. शिबिरात पातेलं लागलं की सर स्वयंपाकी आजींची समजूत काढायचे आणि आम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळायचं. त्या व्यवस्थेत ते योग्यच होतं. सरांवर ती जबाबदारी लेखी होती आणि पुढच्या वर्षीही तेच असणार होते. इथे माझ्यावर ती नव्हती. मुलांच्या नावाने मी शब्द दिला की पँट्रीच्या लेखी चॅप्टर म्हणजे मी होते. उद्या माझी बदली झाली की कॉर्कबोर्डवर पुन्हा एक मेलेला नंबर. नऊ वर्षं तो नंबर तिथे राहिला याचं शनिवारी मला कौतुक वाटलं होतं. खरं तर नऊ वर्षांत तो बदलावा असं कुणालाच वाटलं नाही, आणि याच खोडीपायी त्या सकाळी रांग थंडीत ताटकळली.

रविवारी संध्याकाळी चॅप्टरची बैठक झाली. मी शेवटच्या रांगेत होते. सेवा-उपाध्यक्ष उभा राहिला आणि कागदावरून वाचलं, तारीखवार, मे महिन्यापासून. कुणाला दोष दिला नाही, स्वतःचीही बाजू मांडली नाही. मग एकाने प्रस्ताव आणला की पँट्री सोडून द्यावी. त्याचं म्हणणं सरळ होतं. सत्रात प्रत्येकाला पंचवीस तास भरायचे, ते कॅम्पसवर सहज भरतात, मग शनिवारी सकाळी आठला उठून बसने गावात कशाला जायचं? त्याला अनुमोदनही मिळालं. चाळीस मिनिटं चर्चा झाली, आणि त्या वेळात बोलण्यासाठी माझा हात दोनदा वर जाता जाता मी आवरला.

तासांबद्दल इथे थोडं बोलायलाच हवं. तासांची अट मी एनएसएसमध्ये पाहिली आणि इथेही. अट नसती तर कित्येक मुलं पहिल्यांदा गेलीच नसती, मीही नसते. पण तास मोजायची सवय लागली की कामाचं तोंड आपल्याकडे फिरतं. माझे किती झाले, माझे किती उरले. चर्चच्या तळघरात त्या दोन तासांना सत्तर कुटुंबांचा आठवडा म्हणतात. मुलांना हे भाषणाने कळत नाही. मलाही भाषणाने कळलं नव्हतं. बंधाऱ्यावर दगड वाहताना गावातल्या एका बाईने विचारलं होतं, "पाऊस लागायच्या आत होईल ना, पोरी?" तेव्हा कळलं.

प्रस्ताव पडला, फार मोठ्या फरकाने नव्हे. त्याऐवजी मंजूर झालं ते असं: पँट्रीची जबाबदारी दोघांवर राहील आणि ते दोघं वेगवेगळ्या वर्षांचे असतील, म्हणजे एक गेला तरी दुसरा उरेल. पत्रव्यवहार चॅप्टरच्या सामायिक मेलवरच. दर गुरुवारी संध्याकाळी पँट्रीला फोन. आणि काम सोपवायचं ते वाचनालयाच्या पायऱ्यांवर नाही, पँट्रीतच. जुन्याने आणि नव्याने एक पूर्ण पाळी शेजारी उभं राहून करायची. हा शेवटचा मुद्दा पहिल्या वर्षाच्या, अजून सदस्यही न झालेल्या एका मुलीने मांडला. मला तो सुचला नव्हता.

माझ्याकडे त्यांनी एक काम दिलं आणि तेच माझं खरं काम होतं. पँट्रीशी हे नातं कसं सुरू झालं, काय ठरलं होतं, ते शोधून दे. चॅप्टरमधलं सगळ्यात जुनं माणूस चार वर्षांचं. मी आमच्या काळातल्या सात-आठ जणांना फोन लावले. एकजण टेक्सासमध्ये, एक पोर्टलंडला, एकीचं बाळ मागे रडत होतं. हळूहळू गोष्ट जुळली. पँट्री आमच्याकडे आली ती एका बर्फाळ फेब्रुवारीत. तेव्हाच्या समन्वयकांची कंबर गेली होती आणि त्यांनी कॅम्पसवर हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता: माल उतरवायला माणसं हवीत. लेखी करार कधी झालाच नव्हता. एक मात्र ठरलं होतं आणि पुढे विसरलं गेलं होतं: सुट्टीत मुलं नसतात, म्हणून सुट्टीतले शनिवार गावातले लोक करतील आणि सत्रातले सगळे चॅप्टर. 'सगळे' हा शब्द तिघांनी वेगवेगळं सांगताना तसाच सांगितला. मी हे दोन पानांत लिहून दिलं, डब्यांचे नियम, तळघराच्या किल्लीचा पत्ता आणि रांगेतल्या आजोबांसाठी खुर्ची कुठे असते यासकट.

माफी मागायला अध्यक्ष आणि सेवा-उपाध्यक्ष दोघं स्वतः गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. बाईंनी पुढे मला एवढंच सांगितलं, की मुलं आली, बोलली, आणि मग बाईंनी मुलांच्या हातात कटर दिला कारण खोकी पडली होती.

पुढचा शनिवार माझ्यासाठी सगळ्यात अवघड गेला. अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं होतं, येऊ नकोस. मी घरी बसून राहिले. नऊला आठ जण पोचायचे होते, पोचले पाच. मला हे दुपारी कळलं. वाटप वीस मिनिटं उशिरा सुरू झालं. न आलेल्या तिघांशी बोलायचं काम त्या दोन जबाबदार मुलांनी केलं. मी तिथे असते तर वीस मिनिटांचा उशीर वाचला असता, हे मला माहीत आहे. तरी जाणं चूक ठरलं असतं असं मी म्हणते, आणि हे म्हणताना त्या वीस मिनिटांत रांगेत उभ्या राहिलेल्यांचा विचार करते. त्यांनी त्यासाठी होकार दिलेला नव्हता. मुलांच्या शिकण्याची किंमत दुसऱ्याने मोजावी हे मला पटत नाही, आणि सेवेच्या कामात ती बऱ्याचदा दुसराच मोजतो. म्हणून मी आणि बाईंनी ठरवलं, की वीस मिनिटं चालतील, पण साडेनऊपर्यंत तीनपेक्षा कमी मुलं असली तर बाई मला फोन करतील. हे मी अध्यक्षांना आधी विचारून ठरवलं. ती हो म्हणाली. तो फोन आजवर आलेला नाही.

होमकमिंगचा प्रश्न मात्र उरलाच होता. दर वर्षी तो शनिवार पँट्रीवर येऊ शकतो, आणि त्या दिवशी मुलं कॅम्पसवर अडकलेली असतात. उपाय सेवा-उपाध्यक्षाने काढला. आम्हाला पत्र लिहिलं: नाश्त्याला येण्याआधी माजी सदस्यांनी पँट्रीची पाळी करावी. चालवणार मुलांचाच एक जबाबदार, हात तुमचे.

गेल्या वर्षी तसं झालं. आम्ही अकराजण होतो, सगळ्यात मोठे गृहस्थ ऐंशीच्या दशकातले. कॉर्कबोर्डवर माझा कागद नव्हता, चॅप्टरचा मेल आणि दोन नवे नंबर होते. पाळी चालवणारी मुलगी दुसऱ्या वर्षाची. दोन वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी ती शाळेतच होती आणि त्याबद्दल तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिने आम्हाला टेबलाभोवती उभं केलं, एक डबा उचलला आणि अंगठा काठावरून फिरवून दाखवला. "मधे पोचा असला तर चालेल. इथे किंवा शिवणीवर असला तर या क्रेटमध्ये. शंका आली तर मला विचारा, स्वतः ठरवू नका."

मी दहा मिनिटं डबे केले. मग ती माझ्यापाशी आली, मी पास केलेला टोमॅटोचा एक डबा उचलून काठ मला दाखवला, तो बादच्या क्रेटमध्ये टाकला आणि मला खोकी मोडायला पाठवलं.